जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक लावताय? मग पूर्ण संच लावा

ज्यांच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातला शेव्हरोले सी-टेन किंवा फोर्ड एफ-हंड्रेड उभा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अमेरिकेत स्थिरावल्यावर आपल्या मराठी माणसांपैकीही काही जण या नादाला लागतात, आणि नाद चांगला आहे. ट्रक घरी आला की रंग, क्रोम, सीट, मोठे इंजिन अशी खर्चाची यादी तयार होते. ब्रेक त्या यादीत असतात, पण तळाला. ते वर घ्या, ही पहिली विनंती. दुसरी विनंती त्याहून महत्त्वाची आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे ठरलेच, तर पेडलपासून चाकापर्यंत सगळा संच बदला. नुसती डिस्क आणि कॅलिपर लावून बाकी सगळे जुने ठेवले, तर तो ट्रक आधीच्या चारही ड्रमवाल्या ट्रकपेक्षा वाईट ठरू शकतो. चालकाचा भरवसा वाढलेला असतो आणि ब्रेक तेवढे वाढलेले नसतात.

मूळ ब्रेक कुचकामी होते असे नाही. शेतातून बाजारात आणि बाजारातून घरी जाणाऱ्या ट्रकला ते पुरत होते. आज तोच ट्रक आपण महामार्गावर ताशी ६५-७० मैलांनी हाकतो, आणि पुढची आधुनिक गाडी झटक्यात थांबते. वेग दुप्पट झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ताशी ३० मैलांवर बिनतक्रार थांबणारा ट्रक ६० वर तसाच थांबेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या शूपासून लांब सरकतो, म्हणून लांब उतारावर पेडल खाली खाली जाऊ लागते. पावसात ड्रममध्ये पाणी शिरले की ते तिथेच राहते, आणि मग ब्रेक एका बाजूला ओढतात. डिस्क उघड्यावर असते, फिरता फिरता पाणी झटकते आणि लवकर थंड होते. हे फायदे खरे आहेत.

पण ड्रमचा एक गुण लोक विसरतात, आणि पुढची सगळी गडबड तिथूनच सुरू होते. ड्रम फिरताना शूला आपल्याबरोबर ओढून नेतो, त्यामुळे शू आणखी घट्ट दाबला जातो. तुमच्या पायाच्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो. डिस्कमध्ये तसे काही होत नाही. कॅलिपरमधला पिस्टन जेवढा दाब देईल, तेवढेच पॅड डिस्कला धरतात. म्हणून डिस्कला ब्रेक ऑइलचा दाब जास्त लागतो, आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने ऑइलही जास्त लागते. ड्रमसाठी बनवलेला जुना मास्टर सिलिंडर या दोन्हीत कमी पडतो.

तुमचा ट्रक १९६६ किंवा त्याआधीचा असेल, तर आधी फायरवॉलवरचा मास्टर सिलिंडर पाहा. त्या वर्षांपर्यंतच्या शेव्हरोले पिकअपमध्ये त्याला एकच कप्पा असे. चारही चाकांचे ऑइल एकाच वाटेने जाई. एक रबरी होज फुटली, एका चाकाचा सिलिंडर गळला, की पेडल सरळ फळीला टेकते आणि चारही ब्रेक जातात. १९६७ पासून दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला, पुढच्या चाकांची वाट वेगळी आणि मागच्यांची वेगळी झाली. एक वाट फुटली तरी दुसरीवर ट्रक थांबवता येतो. माझ्या मते जुन्या ट्रकच्या ब्रेकमधली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, डिस्कपेक्षाही मोठी. रविवारी गावातल्या गावात फेरी मारण्यापुरताच ट्रक बाहेर निघत असेल आणि हातात पैसे मोजके असतील, तर आधी ड्रमसाठीचा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, नव्या होज आणि नव्या स्टीलच्या नळ्या घाला, शू नीट अॅडजस्ट करून घ्या. डिस्क पुढच्या वर्षी लावा. अशा ट्रकला कुणी मागासलेला म्हणाले तर म्हणू द्या.

आता डिस्ककडे वळू. शेव्हरोलेने १९७१ मध्ये हलक्या पिकअपना पुढे डिस्क ब्रेक मुळातच द्यायला सुरुवात केली. म्हणून १९६३ ते १९७० च्या कॉइल स्प्रिंगवाल्या सी-टेनसाठी १९७१-७२ चा ट्रक हा उत्तम दाता. त्याच्यापुढचे, १९७३ ते १९८७ चे चौकोनी बांध्याचे ट्रक जंकयार्डमध्ये आजही मिळतात, आणि पुष्कळ जण त्यांचे भाग घेतात. दाता कोणताही निवडा, पण एकच निवडा. एका ट्रकचा स्पिंडल, दुसऱ्याची डिस्क, तिसऱ्याचा मास्टर सिलिंडर, असे जमवलेले भाग बोल्टने जोडले जातात. पण जोडले गेले म्हणजे जुळले असे नव्हे. साधे उदाहरण घ्या. १९७३ नंतरच्या ट्रकांमध्ये एक इंच जाडीची डिस्क आहे आणि अवजड कामासाठी सव्वा इंच जाडीचीही आहे. दोन्हींचे स्पिंडल वेगळे आहेत. यातली गल्लत काउंटरवर लक्षात येत नाही, गाडीखाली झोपल्यावर येते.

जंकयार्डमध्ये गेलात तर स्पिंडल, डिस्क, कॅलिपर, मागचे पत्र्याचे संरक्षण, होज आणि त्यांचे ब्रॅकेट, टाय रॉडची टोके, बूस्टर, मास्टर सिलिंडर आणि फ्रेमवरचा पितळी कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह हे सगळे एकत्र उचला. उतरवण्याआधी फोनवर भरपूर फोटो काढा, कारण कोणती नळी व्हॉल्व्हच्या कोणत्या भोकात जाते हे घरी आठवत नाही. यातले रबराचे आणि झिजणारे काहीही पुन्हा वापरू नका. जुना कॅलिपर, जुनी होज, जुना मास्टर सिलिंडर फक्त नमुना म्हणून किंवा दुकानात बदल्यात द्यायला ठेवा. स्पिंडल, ब्रॅकेट असले लोखंड तेवढे साफ करून, तडा नाही हे बघून वापरावे.

बॉल जॉइंटकडे जरा थांबून पाहा. त्याचा दांडा निमुळता असतो आणि स्पिंडलचे भोकही तसेच निमुळते असते. १९७० पर्यंतच्या ट्रकच्या आर्मवर १९७१ चा स्पिंडल बसवताना बॉल जॉइंट त्या स्पिंडलला जुळणारेच हवेत. दांडा भोकात हलत असेल, किंवा इतका आत जात असेल की नट आवळूनही घट्ट बसत नाही, तर तो जोड चुकीचा आहे. वॉशर घालून तो भागवू नका. टाय रॉडच्या टोकांनाही हाच नियम. ब्रेक बदलता बदलता स्टिअरिंग सुटण्याची सोय करून ठेवायची नाही.

आणखी एक गोष्ट ऐन वेळी आडवी येते. सी-टेनच्या चाकांना १९७० पर्यंत सहा बोल्ट होते, १९७१ पासून पाच झाले. १९७१ च्या डिस्क पुढे बसवल्या की पुढे पाच आणि मागे सहा, म्हणजे एक स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही. त्यावर दोन मार्ग आहेत: मागचा एक्सलही पाच बोल्टांचा करा, नाहीतर सहा बोल्टांच्या डिस्क असलेला तयार किट घ्या. दूरच्या प्रवासाला जाणाऱ्याने हे आधी ठरवावे. जुने स्टीलचे रिम कॅलिपरवरून मोकळे फिरतात का, हेही चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे.

मग येतो मास्टर सिलिंडर, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बऱ्याचदा नळीच्या तोंडाशी एक लहानसा व्हॉल्व्ह लपलेला असतो. पाय काढल्यावरही तो नळीत सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो, कारण शू मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात. कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते. तेवढ्या दाबाने पॅड डिस्कला सतत घासत राहतात, डिस्क लाल होईपर्यंत तापते, ऑइल उकळते आणि घाटात पेडल फळीला लागते. पुढच्या डिस्कला जाणाऱ्या वाटेत हा व्हॉल्व्ह असता कामा नये. अपवाद एकच. १९४७ ते १९५४ च्या पिकअपसारखा मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली असेल आणि कॅलिपर त्याच्याहून उंच असतील, तर ऑइल उलटे वाहून जाऊ नये म्हणून २ पीएसआयचा व्हॉल्व्ह डिस्कच्या वाटेत बसवतात. दोन कप्पे लहानमोठे असतील तर मोठा कप्पा डिस्कला द्या. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि कप्प्यातले ऑइल उतरत जाते.

सिलिंडरच्या व्यासाचेही गणित आहे. एक इंच व्यासाचा मास्टर सिलिंडर एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाच्या सिलिंडरपेक्षा त्याच पायाच्या जोरात सुमारे २७ टक्के जास्त दाब देतो. मात्र पेडलही त्याच प्रमाणात जास्त लांब जाते. बूस्टर नसेल तर लहान व्यास आणि पेडलचे गुणोत्तर साधारण सहास एक, बूस्टर असेल तर मोठा व्यास आणि गुणोत्तर चारास एकच्या आसपास, असे जमते. जनरल मोटर्सच्या बऱ्याच पेडलांना यासाठीच दोन भोके असतात. बूस्टर बसवला आणि पेडलला जोडलेला दांडा जुन्या भोकातच ठेवला, तर पेडलला जरा स्पर्श करताच गाडी नाक घासते. दांड्याची लांबीही तपासा. तो थोडा जरी लांब असला, तरी मास्टर सिलिंडरचे परतीचे बारीक भोक बंद राहते, आणि ऑइल तापले की ब्रेक आपोआप लागू लागतात.

बूस्टर चालतो इंजिनच्या व्हॅक्यूमवर. त्याला १८ इंच पाऱ्याच्या आसपास व्हॅक्यूम मिळावा. गरम कॅम घातलेले, धडधडत उभे राहणारे इंजिन तेवढे देत नाही, आणि डेन्व्हरसारख्या उंचीवरच्या गावात सगळेच आकडे खाली येतात. तेव्हा गेज लावून मोजा आणि मग बूस्टर विकत घ्या. चाचणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले म्हणजे बूस्टर काम करतो.

फ्रेमवरच्या त्या लहान पितळी ठोकळ्याला लोक फालतू समजतात आणि जुना ड्रमचाच ठेवतात. कृपा करून तसे करू नका. पिकअपचा मागचा हौदा रिकामा असतो तेव्हा मागच्या चाकांवर वजनच नसते. जोरात ब्रेक लावला की उरलेसुरले वजनही पुढे जाते. अशा वेळी मागच्या ड्रमला पूर्ण दाब मिळाला, तर मागची चाके जागेवर बसतात आणि ट्रकची शेपटी पुढे यायला बघते. ओल्या रस्त्यावर हे सावरायला वेळ मिळत नाही. कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह मागचा दाब एका मर्यादेनंतर कमी वाढू देतो. शिवाय मागच्या शूच्या स्प्रिंगा ताणल्या जाईपर्यंत तो पुढच्या डिस्कना क्षणभर थोपवतो, आणि एक वाट फुटली तर डॅशवरचा दिवा लावतो. यामुळेच मी मागच्या चाकांनाही डिस्क लावायचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूचा नाही. पुढचीच चाके बहुतेक काम करतात, आणि पार्किंग ब्रेक ड्रमवर साधा आणि खात्रीचा असतो.

आता कामाच्या वेळची काळजी. सी-टेनचा बॉल जॉइंट सोडवताना खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग दाबून बसलेली असते. ती सुटली तर माणूस मरू शकतो. आर्मखाली फ्लोअर जॅक घट्ट ठेवा, स्प्रिंगला साखळीने फ्रेमशी बांधा, नट पूर्ण न काढता आधी जोड मोकळा करा आणि जॅक सावकाश उतरवा. ट्रक जॅकस्टँडवर असल्याशिवाय त्याच्याखाली जाऊ नका, एक मिनिटही नको. जुन्या ड्रममधली राखाडी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. त्या काळच्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असे. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा, फडके पिशवीत बांधून टाका. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या लोखंडावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असते, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

नळ्यांचे काम करताना घाई नको. ब्रेकची नळी स्टीलची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची हवी, आणि तिचे तोंड दुहेरी फ्लेअरचे. शुद्ध तांब्याची नळी किंवा प्लंबिंगच्या दुकानातला कॉम्प्रेशन जोड ब्रेकला कधीही चालत नाही. नवी होज घातल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा, ती ताणली जाऊ नये आणि टायरला घासू नये. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या, सीलबंद बाटलीतलेच. ही ऑइल हवेतला ओलावा पितात, म्हणून ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नका.

हवा काढताना पेडल स्पंजासारखे राहिले आणि बाटल्यांवर बाटल्या संपल्या, तर आधी कॅलिपरकडे पाहा. हवा काढायचे निपल वरच्या अंगाला असायला हवे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तरी बोल्ट बसतात, पण निपल खाली जाते आणि वरची हवा जन्मात निघत नाही. मास्टर सिलिंडरची हवा बाकावरच काढून घ्या. मग सर्वांत लांबचे चाक आधी: मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे.

चाकाचे बेअरिंग नव्या ग्रीसने भरा. चाक फिरवत नट १२ फूट-पौंडाने आवळा, सोडा, परत हाताने लावा आणि नवी कॉटर पिन घाला. चाकाला किंचित खेळ राहिला पाहिजे, एक ते पाच हजारांश इंच. ड्रमच्या सवयीने आवळून टाकलेले बेअरिंग लवकर जळते.

पहिली चाचणी इंजिन चालू ठेवून, जागेवर. पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा, कुणाला तरी गाडीखाली बॅटरी घेऊन गळती बघायला सांगा. नंतर रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी १० मैल, मग २०. मागची चाके आधी अडकतात का, हे बाहेर उभ्या माणसाला नीट दिसते. त्यानंतर पॅड बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे ते डिस्कवर रुळवून घ्या. हे सगळे स्वतः केले असेल तरी शेवटी एखाद्या अनुभवी ब्रेक मेकॅनिकला पैसे देऊन एकदा पाहायला लावा. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना हे जास्त लागू आहे, कारण तिथे १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. पेनसिल्व्हेनियात ती अजून आहे. तुमच्या राज्यात कुणी विचारत नसेल, तर तुम्हीच विचारले पाहिजे. विमा कंपनीलाही बदल कळवा.

महाराष्ट्रात जुनी जीप सांभाळणाऱ्यांनाही यातली यंत्रविद्या जशीच्या तशी लागू पडते. कायदा मात्र वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करू देत नाही. म्हणून भाग विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. दुकानदाराच्या "चालतंय हो" वर जाऊ नका.

ट्रक रस्त्यावर आला की पहिल्या ५० मैलांनी चाकांचे नट पुन्हा आवळा, पुढच्या बेअरिंगचा खेळ पाहा आणि मास्टर सिलिंडरमधली पातळी तपासा. आणि एका कागदावर लिहून ठेवा: स्पिंडल कोणत्या वर्षाचा, डिस्क कोणत्या जाडीची, कॅलिपर, होज, मास्टर सिलिंडर कोणत्या ट्रकचा, व्यास किती. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि ट्रक विकाल तेव्हा किल्लीबरोबर द्या, कारण पुढचा मालक दुकानात जाऊन नोंदणीतल्या वर्षाचे ब्रेक पॅड मागेल, आणि दुकानदार त्याला ड्रमचे शू काढून देईल.